एकच खेळ, दोन गावी

पर्वत पाटियातील आपल्यापैकी पुष्कळांची वडील मंडळी खानदेशात गावी असतात. त्यांच्यासमवेत चित्रपट पाहणे आता व्हिडिओ कॉलवर साधते. एकाने संगणकावर चित्रपट लावून आपला स्क्रीन सर्वांस शेअर करावा. आवाज पाठविण्याची खूण निराळी असते; ती विसरल्यास बोलपटही मुका होतो. इतरांनी माईक बंद ठेवावेत, नाहीतर आवाज घुमतो. वर्गणीच्या सेवांवरील चित्रपट बहुधा काळे दिसतात. नक्कल रोखण्याची ती योजना होय.

आरंभास आम्ही दादासाहेब फाळके यांचा १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ सुचवितो. मूकपट असल्याने आवाजाची अडचण नाही. उरलेला भागही थोडाच आहे. मधल्या पाट्या नातवंडांनी वाचाव्यात. आजी मध्येच बोलली तर खेळ थांबवावा. तो तिच्यासाठीच मांडला आहे.