पिशवी घरी पोचली तरच आपली

गटाच्या बैठकीत आपण बचत, हप्ते, शेळीपालन यावर बोलतो. आज मी कॉम्प्युटरवरच्या एका खेळाबद्दल सांगणार आहे. हसू नका. या खेळापायी आमच्या घरात दोन दिवस अबोला होता, आणि चूक माझीच होती.

झालं असं. माघातल्या गणेश जयंतीला माझा पुतण्या पुण्याहून लिंबागणेशला आला. भालचंद्र गणपतीचं दर्शन झालं आणि संध्याकाळी त्यानं लॅपटॉप उघडला. माझा मुलगा अकरावीत आहे. तो खेळायला बसला. मी तीन-चार हाका मारल्या, ‘भाकरी निवाया लागली, ऊठ.’ तो म्हणाला, ‘आई, पाच मिनिटं थांब, मला बाहेर पडू दे.’ मी म्हटलं, घरात बसून कुठून बाहेर पडतोस? आणि लॅपटॉपचं झाकण खाली केलं. पोरगं न जेवता झोपलं. पुतण्या हळूच म्हणाला, ‘काकू, माझी सगळ्यात चांगली बंदूक त्याच्याकडं होती. गेली.’

दुसऱ्या दिवशी मी पुतण्याला म्हटलं, मला हे नीट समजावून सांग. त्यानं सांगितलं आणि एक फेरी माझ्याकडून खेळवूनही घेतली. त्यातलं जे कळलं ते तुम्हाला सांगते.

या प्रकाराला ‘एक्स्ट्रॅक्शन शूटर’ म्हणतात. सोपं करून सांगायचं तर आत जा, वस्तू गोळा करा आणि जिवंत बाहेर पडा. आपल्या पोरांना बीजीएमआय ठाऊक आहे. त्यात शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो आणि दर डावाला सगळे मोकळ्या हातानं सुरुवात करतात. इथं तसं नाही. बाहेर आणलेली वस्तू तुमच्या पेटीत राहते, पुढच्या फेरीला कामी येते. पण आत मेलात तर सोबत नेलेलं आणि आत मिळालेलं जवळजवळ सगळं जातं. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या कंपनीचा ‘एस्केप फ्रॉम तारकोव्ह’ हा खेळ २०१७ पासून लोक खेळू लागले, त्यानं हा प्रकार रुळवला. पुतण्या खेळतो तो ‘आर्क रेडर्स’. तो स्वीडनच्या कंपनीचा, ३० ऑक्टोबर २०२५ ला आला. त्यात जमिनीवर यंत्रांचं राज्य आहे आणि माणसं जमिनीखाली राहतात. वर येऊन भंगार, औषधं, सुटे भाग वेचायचे आणि परत खाली जायचं. वर यंत्रं असतात, आणि आपल्यासारखेच दुसरे खेळाडूही.

आता नव्यानं खेळणाऱ्यासाठी चार गोष्टी.

पहिली, गेलं तरी चालेल तेवढंच सोबत न्या. जत्रेला जाताना आपण अंगावरचं सोनं घरी ठेवतो, तसंच. या खेळात नवख्यासाठी फुकटचं साधं सामान मिळतं. सुरुवातीच्या फेऱ्या त्यावरच कराव्यात. वाटा कळल्या, कुठं काय सापडतं ते कळलं, की मग चांगली बंदूक काढावी. माझ्या मुलानं नेमकं उलटं केलं होतं.

दुसरी, आत गेल्या गेल्या नकाशात बाहेरची वाट बघा. फेरी जास्तीत जास्त अर्ध्या तासाची असते आणि वेळ सरेल तशा बाहेर जायच्या जागा एकेक करून बंद होतात. लिफ्ट बोलावली की मोठा आवाज होतो, तो ऐकून इतरही येतात. म्हणून लिफ्ट बोलावून उघड्यावर उभं राहू नये, आडोसा धरावा.

तिसरी, आवाज कमी करा. पळालं की पाय वाजतात, गोळी झाडली की लांबवर ऐकू जाते. समोर माणूस दिसला की लगेच गोळी घालायचीच असं नाही. माईकवरून ‘मारू नकोस, मीही मारत नाही’ असं म्हणता येतं. पुष्कळ जण ऐकतात, काही दगा देतात. माझ्या पहिल्या फेरीत मी वाटेत दिसेल त्या पेट्या धडाधड उघडत गेले आणि चौथ्या मिनिटाला मेले. दोघंही पोरं पोट धरून हसली. अबोला तिथं सुटला.

चौथी, पुरे झालं की निघा. पिशवी अर्धी भरली असली तरी निघावं. ‘अजून एक घर बघतो’ म्हणणारेच जास्त मरतात, असं पुतण्या सांगतो. पडलात तर खचू नका. जखमी होऊन खाली पडलेला माणूस सरपटत लिफ्टपर्यंत गेला तरी सुटू शकतो. आणि एक गंमत, या खेळात तुमच्या खोलीत एक कोंबडा असतो, त्याचं नाव स्क्रॅपी. फेरीनंतर तो थोडंफार साहित्य आणून ठेवतो. म्हणजे सगळं गमावलं तरी हात अगदी रिकामे राहत नाहीत.

आता आपल्या कामाचं. हा खेळ मधेच थांबवता येत नाही. समोर दुसरी जिवंत माणसं खेळत असतात, ती आपल्यासाठी थांबत नाहीत. झाकण खाली केलं किंवा लाईट जाऊन वायफाय गेलं, तर आपला माणूस आत तसाच उभा राहतो आणि मारला जातो. म्हणून आमच्याकडं लाईट जायच्या वेळेला फेरी सुरू करायची नाही, असं ठरलं आहे. जेवणाच्या अर्धा तास आधीही नवी फेरी नाही. हाक मारली की मी विचारते, ‘बाहेर पडायला किती वेळ?’ तो मिनिटं सांगतो आणि तेवढ्यात उठतो. उठला नाही तर दुसऱ्या दिवशी खेळ बंद. ही अटही त्यानंच सुचवली.

तरी दोन गोष्टींत मी ढिली नाही. एक, यात माणसं माणसांवर गोळ्या झाडतात, युरोपात याला १६ वर्षांची अट आहे. म्हणून लहान भावंडं शेजारी बसत नाहीत. दुसरी, पैसे. खेळातल्या दुकानात अंगावरचे पोशाख विकत मिळतात, त्यानं खेळ सोपा होत नाही. पोरांच्या हाती जाणाऱ्या मोबाईलमध्ये दर खरेदीला पासवर्ड विचारला जाईल अशी सेटिंग करून घ्या आणि यूपीआयचा पिन पोरांना सांगू नका. त्याच खात्यात आपल्या गटाचा हप्ता असतो.

आपल्यातल्या कितीतरी जणी आत्ता कोयता घेऊन कारखान्यावर आहेत आणि लेकरं आजीजवळ. आजीला हे कुठून कळणार? रात्री फोन कराल तेव्हा अभ्यासाबरोबर हेही विचारा, ‘आज काय खेळलास, किती वेळा सुखरूप बाहेर पडलास?’ माझा मुलगा एरवी एका शब्दात उत्तर देतो. या प्रश्नावर तो अर्धा तास बोलला, आणि बोलता बोलता गणिताचा पेपर अवघड गेल्याचंही सांगून टाकलं.