ज्याची त्याची पायरी

एकाच वर्गात बसलेली चाळीस मुले एकाच वयाची असू शकतात. परंतु त्यांचे ज्ञान एकाच पायरीवर असते असे नाही. शिक्षक सर्वांना एकच धडा शिकवतो तेव्हा तो एका काल्पनिक मध्यम विद्यार्थ्याला उद्देशून बोलत असतो. जे त्याच्या पुढे आहेत ते कंटाळतात. जे मागे आहेत ते गप्प बसतात आणि वरच्या वर्गात गेल्यावर आणखी मागे पडतात. ही अडचण दूर करण्यासाठी अध्यापनाला प्रत्येक मुलाच्या गरजेनुसार वळण देणे म्हणजे व्यक्तिसापेक्ष शिक्षण. त्यात तीन गोष्टी येतात : मुलाची गती, त्याची नेमकी पायरी आणि अडल्या वेळी मिळणारे साहाय्य. या तिन्हींचा वेगवेगळा विचार केल्याशिवाय यंत्रांचे मोल ठरवता येत नाही.

चेन्नईतील गिंडी येथे आज ज्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा विस्तीर्ण परिसर आहे, त्याची सुरुवात १७९४ मध्ये सेंट जॉर्ज किल्ल्याजवळ भूमापनाची शाळा म्हणून झाली. तेव्हा तेथे अवघे आठ विद्यार्थी होते. विद्यार्थी आठच असले की गुरूला प्रत्येकाची अडचण ठाऊक असते. प्रश्न उभा राहतो तो संख्या वाढल्यावर.

संख्येच्या प्रश्नाला गिंडीतूनच एक उत्तर मिळाले. गिंडीच्या वनाची जमीन मिळून १९५९ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास आयआयटीने इतर आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांच्या सहकार्याने 'एनपीटेल' हा उपक्रम २००३ पासून राबवला. अभियांत्रिकीची व्याख्याने चित्रमुद्रित होऊन सर्वांना विनामूल्य खुली झाली. लहान गावातील विद्यार्थी तेच व्याख्यान थांबवून पुन्हा ऐकू शकतो. त्याला गती मिळाली, हे निःसंशय. पण व्याख्यान सर्वांसाठी एकच राहते. ऐकणाऱ्याचा पाया कोठे कच्चा आहे, हे त्याला कळत नाही. प्रौढ विद्यार्थी ही उणीव स्वतः भरून काढू शकतो. सात वर्षांच्या मुलाकडून ती अपेक्षा धरता येत नाही.

अशा मुलांसाठी त्याच शहरात एक निराळा प्रयोग झाला. चेन्नई महानगरपालिकेचे तत्कालीन आयुक्त एम. पी. विजयकुमार यांच्या पुढाकाराने २००३ मध्ये १३ शाळांत 'कृतीवर आधारित शिक्षण' सुरू झाले. त्याची प्रेरणा आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांतून आलेली होती. अभ्यासक्रमाचे लहान लहान टप्पे पाडून ते भिंतीवरील शिडीच्या चित्रात मांडलेले असत. मूल शिडीवर आपली जागा शोधी, तेथील चिन्ह असलेले कार्ड घेई आणि नेमलेल्या गटात जाऊन बसे. काही गटांत शिक्षक शिकवी, काहींत सोबती मदत करी, काहींत मूल एकटेच काम करी. भिंतीला खाली, मुलांचा हात पोहोचेल असे फळे केलेले होते. आजारपणामुळे आठवडाभर न आलेले मूल जेथे थांबले होते तेथूनच पुढे जाई. २००७-०८ मध्ये ही पद्धत राज्यभरातील सरकारी प्राथमिक शाळांत नेण्यात आली.

या पद्धतीत वीज लागत नव्हती, तरी ती एक तंत्रयोजनाच होती. कार्डामुळे शिक्षक फळ्यापासून मोकळा होई आणि ज्याला गरज आहे त्याच्याजवळ बसू शके. मात्र शिक्षक तसा बसला नाही, तर हीच कार्डे यांत्रिक क्रम ठरत आणि मूल एकाच पायरीवर रेंगाळत राही. तमिळनाडूने २०२२ पासून पहिली ते तिसरीसाठी 'एण्णुम् एळुत्तुम्' हा कार्यक्रम हाती घेतला. त्यात मुलांचे त्यांच्या पातळीनुसार तीन गट केले गेले. योजना बदलली, पायरी ओळखण्याचे तत्त्व मात्र टिकले.

संगणकाचा अनुभवही याहून फारसा वेगळा नाही. गुजरात सरकारने २००० मध्ये वडोदऱ्यातील १०० नगरपालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. पण दोन वर्षांनंतरही प्राथमिक वर्गातील मुलांना त्यांचा उपयोग क्वचितच होत होता. मुंबईत जन्मलेल्या 'प्रथम' या संस्थेने मग चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोघे, असे गणिताचे खेळ दिले. खेळातील प्रश्न मुलाच्या पातळीनुसार बदलत. गणितात ठळक प्रगती दिसली. परंतु उपक्रम संपल्यानंतर वर्षभराने तिचा थोडाच अंश उरला होता. 'प्रथम'च्याच 'बालसखी' योजनेत मुंबई आणि वडोदरा येथे वस्तीतील तरुणी मागे पडलेल्या मुलांना दररोज दोन तास वेगळे घेऊन वाचन व अंकगणित शिकवीत. तेथे यंत्र नव्हते, तरी मुले पुढे गेली.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. यंत्र गती देऊ शकते आणि नीट रचले तर पायरीही ओळखू शकते. परंतु मूल का अडले, हे विचारून त्याच्या उत्तराची वाट पाहणे हे माणसाचे काम आहे. म्हणून शाळेत नवे साधन येते तेव्हा त्याची किंमत किंवा संख्या यांच्याआधी एक प्रश्न विचारला पाहिजे : या साधनामुळे शिक्षकाचा वाचलेला वेळ सर्वांत मागे असलेल्या मुलाच्या वाट्याला येतो की नाही? सुधारणेची खरी कसोटी तेथेच लागते.