बारा नंबरचं कलम

तीस अधिक तीस किती? रत्नागिरी जिल्ह्यातल्या मालगुंडच्या शाळेत विचारलं तर पोर वहीतून मान वर न काढता साठ म्हणेल. तेच दोन आकडे दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी एकत्र केले तर उत्तर येतं पन्नास. पहिल्यांदा हे गणित कळलं तेव्हा मी कागद-पेन्सिल घेऊन ते तीनदा करून पाहिलं.

समजा, हापूसच्या हंगामात आंबे उतरवायची घळ घेऊन कलमावर चढलेला एक गडी फांदी मोडून खाली आला. एक डोळा कायमचा गेला, उजवं मनगट आखडलं. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा धड असेल, तर केंद्र सरकारच्या मोजमापाच्या नियमांप्रमाणे ते दिव्यांगत्व ३० टक्के धरतात. हाताचंही डॉक्टरांनी ३० टक्के काढलं असं धरू. सरकारी लाभाचा उंबरठा बहुतेक ठिकाणी ४० टक्क्यांचा. डोळ्याचा कागद वेगळा आणि हाताचा वेगळा राहिला, तर हा माणूस दोन्ही कागद हातात घेऊन उंबरठ्याबाहेरच उभा.

नियम मात्र दोन्ही एकत्र मोजायला सांगतो. त्याची रीत अशी : मोठा आकडा आधी घ्या. ९० मधून तो वजा करा, उरले ६०. दुसरं दिव्यांगत्व ९० पैकी ३०, म्हणजे एक तृतीयांश. तेव्हा उरलेल्या ६० चा एक तृतीयांश, म्हणजे २०, पहिल्या तीसमध्ये मिळवा. झाले ५०. पहिल्या दुखापतीने जे शिल्लक ठेवलं, त्यातूनच दुसरी आपला वाटा नेते, असा हा विचार आहे. शरीराचा हिशेब इतक्या बारकाईने मांडणाऱ्या माणसांबद्दल मला आदर वाटतो. पण एकत्र मोजणीचा कागद मागायचा असतो, हे त्या गड्याला सांगणार कोण?

आपल्याकडे वकील म्हटलं की काळा कोट आणि कोर्टातली उलटतपासणी डोळ्यांपुढे येते. दिव्यांगांच्या लाभाच्या कामात वकिलाचं मोल आधी कागद वाचण्यात असतं. अशी कामं जाणणारा वकील पहिल्यांदा काय विचारतो? ‘पोच आहे का?’ अर्जाच्या आपल्याकडच्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का, आवक क्रमांक, तारीख. तळहाताएवढीसुद्धा जागा न अडवणारा तो शिक्का नसेल, तर अर्ज दिल्याचं दाखवायला हातात काहीच नाही. त्याचा दुसरा प्रश्न : ‘नाही म्हणाले ते लेखी आहे का?’ प्रमाणपत्र नाकारायचं तर कारण लेखी द्यावं लागतं, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ५९ खाली त्या निर्णयावर अपील करता येतं. ‘उद्या या’ या दोन शब्दांवर मात्र अपील होत नाही. म्हणून चांगला वकील आधी त्या तोंडी नकाराचा कागद करून घेतो.

आता पैशाचं. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीकडे अपंगत्वाचा दावा करणारे लोक सर्रास वकील करतात. तिथे जिंकलात तरच फी, आणि तीही मिळालेल्या थकबाकीतून : जास्तीत जास्त २५ टक्के, आणि २०२४ च्या नोव्हेंबरअखेरीपासून ९,२०० डॉलर ही वरची मर्यादा. असे वकील टीव्हीवर स्वतःची जाहिरातही करतात. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांत दोन्ही गोष्टींना मनाई आहे. निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही, जाहिरात करता येत नाही, दारावरची पाटीसुद्धा बेताचीच हवी.

आणि समजा, ती मनाई नसती, तरी काय झालं असतं? संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून चालू आहे. २०२५ च्या ऑक्टोबरपासून दिव्यांगांसाठी महिन्याची रक्कम १,५०० वरून २,५०० रुपये झाली. वर्षाचे ३० हजार. ते सगळे थकबाकी म्हणून हाती आले असं धरलं, तरी चौथा हिस्सा साडेसात हजार. तेवढ्यावर कोणता वकील वर्षभर तारखा, टायपिंग आणि झेरॉक्स सांभाळील? ज्याच्या हक्काची रक्कम लहान, त्याला बाजारात वकील मिळणं अवघड. मग हा वकील आणायचा कुठून?

उत्तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये आहे. मोफत वकील कोणाला, याची ती यादी. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, माणसांच्या व्यापाराचे किंवा वेठबिगारीचे बळी, स्त्रिया आणि मुलं, दिव्यांग व्यक्ती, आपत्तीत सापडलेले, औद्योगिक कामगार, कोठडीतले लोक. त्यानंतर एक छोटा शब्द येतो, ‘किंवा’. आणि त्याच्या पलीकडे, अगदी शेवटी, ठराविक उत्पन्नाच्या आतले लोक. महाराष्ट्रात ती मर्यादा तीन लाखांची आहे. तो ‘किंवा’ नीट वाचा. उत्पन्नाची अट फक्त शेवटच्या खान्यातल्या माणसांना. दिव्यांग व्यक्ती यादीत स्वतःच्या नावाने बसलेली आहे. तिची आंब्याची बाग असो नाहीतर नुसतं परसदार असो, वकील मिळण्याच्या वाटेवर उत्पन्नाचा दाखला आडवा येत नाही.

मोफत म्हणजे नुसती वकिलाची फी नव्हे. कोर्ट फी, नकला, कागद तयार करण्याचा खर्च हेही त्यात आलं. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या वकिलाला पक्षकाराकडून एक पैसाही घेता येत नाही. आणि या कायद्यातला ‘कोर्ट’ हा शब्दही ऐसपैस आहे : दिवाणी, फौजदारी, महसुली न्यायालयं तर आहेतच, शिवाय न्यायनिवाड्याचे अधिकार असलेलं कोणतंही प्राधिकरण. नुसता सल्ला हवा असेल तर तोही विधी सेवेत मोडतो. अट एकच, प्रकरणात सकृतदर्शनी तथ्य हवं.

योगायोग असा की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही न्यायाच्या वाटेबद्दलचं कलम नेमकं १२ च आहे. कोर्टापर्यंत, प्राधिकरणापर्यंत पोचण्याचा हक्क भेदभावाविना मिळावा, साक्ष देणाऱ्याच्या भाषेत आणि त्याला जमेल त्या पद्धतीने नोंदवली जावी, आणि विधी सेवा प्राधिकरणांनी आपल्या योजना दिव्यांगांना वापरता येतील अशा कराव्यात, असं ते सांगतं. एक बारा वकील देतो, दुसरा बारा त्या वकिलापर्यंतचा रस्ता सपाट करायला सांगतो.

या मोफत विधी सेवेची मुळं आपल्याच भागात आहेत. १९४९ मध्ये, रत्नागिरी जिल्हा मुंबई प्रांतात होता तेव्हा, गरिबांना कायद्याची मदत कशी द्यावी हे ठरवायला न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांची समिती नेमली गेली. पुढे १९७० मध्ये गुजरातने त्याच कामासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती पी. एन. भगवती, म्हणजे त्यांचेच चिरंजीव! बापाने सुरू केलेला विचार मुलाने पुढे नेला आणि देशभरच्या विधी सेवेची पायाभरणी केली. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९ क आला. त्याच्या इंग्रजी मजकुरात, आर्थिक किंवा इतर अडचणींमुळे कोणी न्यायाला मुकू नये असं म्हणताना, ‘अडचणीं’साठी जो शब्द योजलाय तो ‘डिसॅबिलिटीज’. घटनेने गरिबीलाही अपंगत्वाच्याच शब्दात बसवलं. मला हे वाचून गलबलून आलं.

वकील नेमका कुठे लागतो? सगळीकडे नाही. निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात स्वतः देता येतो. वैश्विक ओळखपत्राची नोंदणी ऑनलाइन होते. अर्ज कुठे अडलाय ते माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत विचारता येतं. पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रारही वकिलाविना करता येते. त्यांना समन्स काढण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांनी केलेल्या शिफारशीवर संबंधित खात्याने तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं, आणि शिफारस मान्य नसेल तर त्याची कारणं द्यायची असतात. या पायऱ्यांवर वकिलाचा तासाभराचा सल्लाही पुष्कळ होतो.

खरा वकील लागतो तो याच्या पुढे, आकडा किंवा नियमच चुकीचा लावला जातो तेव्हा. ओंकार गोंड या महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याचं प्रकरण घ्या. वाचा आणि भाषेची अक्षमता ४० टक्क्यांहून जास्त ठरली, म्हणून त्याला एमबीबीएसचा प्रवेश नाकारला गेला. उच्च न्यायालयात तातडीचा दिलासा मिळाला नाही, तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि प्रवेश मिळवून आला. १५ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की नुसत्या टक्क्यांवरून कोणाला अपात्र ठरवता येणार नाही. हा माणूस हे शिक्षण घेऊ शकतो का, हे दिव्यांगत्व तपासणाऱ्या मंडळाने तपासावं आणि कारणांसह सांगावं. आपल्या आंब्यावरून पडलेल्या गड्याला चाळीस गाठायचे आहेत, आणि या मुलाला तेच चाळीस आडवे आले. एकच आकडा एकाला दार उघडतो आणि दुसऱ्याला बंद करतो. तो कुठे, कोणत्या कायद्याखाली वापरलाय हे ओळखणं, यासाठीच वकिली शिकावी लागते.

उच्च न्यायालयाची वाट आता जरा जवळ आली आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं, आणि रत्नागिरी जिल्हा त्याच्याकडे जोडला आहे. पूर्वी मुंबई गाठावी लागे. आता आंबा घाट चढून गेलं की झालं. कुबड्या घेऊन एसटीत चढणाऱ्याला तेवढ्या अंतराचा फरक शरीरात जाणवतो.

पण सुरुवात रत्नागिरीतच होते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायालयाला जोडलेलं असतं आणि जिल्हा न्यायाधीश त्याचे अध्यक्ष असतात. जायच्या आधी १५१०० या क्रमांकावर फोन करून विचारता येतं. अर्ज मराठीत चालतो आणि सात दिवसांच्या आत त्यावर निर्णय व्हायचा असतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलंही अर्ज म्हणून धरतात. सांगायचं, समोरच्याने लिहायचं, मग अंगठा उठवायचा. पुरुषाचा डावा अंगठा घ्यायची आपल्याकडे जुनी रीत आहे, त्यामुळे उजवं मनगट आखडलेल्या गड्याचं तिथे काही अडत नाही.