साय कोणत्या बाजूला?

लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की थोड्या वेळात पातेल्याच्या तळाशी पाणी साचतं. फोडींमधलं पाणी पेशींच्या पडद्यांतून मिठाकडे धावतं. हे परासरण. पण पाण्याला याच वाटेने उलटं चालवायचं, मिठापासून सोडवायचं, तर? हे उलटं परासरण, म्हणजेच आरओ. समुद्राच्या पाण्यासाठी त्याला हवेच्या दाबाच्या साधारण 60 पट दाब लागतो. सहाशे मीटर खोल समुद्रात असतो, तेवढा!

शिवाय पाणी जाऊ देणारा पण मीठ अडवणारा पडदा हवा. सेल्युलोज ॲसिटेटचा पापुद्रा मीठ अडवतो, हे 1950 च्या दशकात फ्लोरिडात दिसलं होतं. पण पाणी जेमतेम झिरपायचं. मग कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन यांच्या हाती एक नवल आलं. पापुद्र्याची एक बाजू खाऱ्या पाण्याकडे ठेवली तर तो काम करी, उलटा ठेवला तर नाही. कारण त्याच्या एकाच अंगाला घट्ट थर होता, दुधावरच्या सायीसारखा. खाली नुसता स्पंज. मीठ अडवते ती साय, स्पंज फक्त तिला पेलतो! मग त्यांनी अशी साय मुद्दाम धरवली आणि पाण्याची धार कितीतरी पटींनी वाढली. 1965 मध्ये कोलिंगा गावात अशा पडद्यांतून गोडं झालेलं पाणी लोक पिऊ लागले.

पुढे जॉन कॅडोट यांनी साय वेगळीच विणली. एक रसायन पाण्यात, दुसरं तेलासारख्या द्रावकात. दोन्ही जिथे भेटतात तिथेच पॉलिअमाइडचा पापुद्रा धरतो. तो धरला की त्याच्याच आडोशाने रसायनांची भेट थांबते, म्हणून तो आपोआप पातळ राहतो, केसाच्या शेकडो पटींनी पातळ. आज हजार लिटर समुद्रजल गोडं करायला सुमारे 3 युनिट वीज पुरते.

तुमच्या स्वयंपाकघरातल्या आरओमध्ये याच जातीचा पडदा आहे. तो मीठ नष्ट करत नाही. बाहेर जाणाऱ्या पाण्यात लोटतो. पिण्याच्या पाण्यात लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत क्षार भारतीय मानकाला मान्य आहेत. म्हणून आधी नळाचं पाणी तपासा. क्षार त्याहून कमी असतील तर ते काढायला आरओची गरज नाही. जास्त असतील तर आरओ वापरा, पण त्याच्या नळीतून बाहेर जाणारं पाणी बादलीत धरा, फरशी पुसायला वापरा.