दिसायचं, पण सापडायचं नाही: छापाचित्रं आणि कागदपत्रं नसलेली माणसं

ज्यांना लोकलमध्ये किंवा ऑफिसात ऐकता येत नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप.

आजचा प्रश्न असा आहे: ज्या माणसाकडे आधार नाही, पासपोर्ट नाही, कुठल्याच सरकारच्या यादीत नाव नाही, त्याची गोष्ट जगाला दाखवायची कशी? आणि ती दाखवताना त्याला अडचणीत न आणायचं कसं?

सुरुवात आपल्या मावळातूनच करू. लोणावळ्याच्या अलीकडचं मळवली स्टेशन आपल्याला कार्ला-भाज्याच्या ट्रेकमुळे माहीत असतं. तिथेच राजा रविवर्म्याचा प्रेस होता. तो १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि काही वर्षांनी मळवलीला हलला. दगडावर चित्र काढून त्याच्या हजारो प्रती काढायच्या, हे तिथलं काम. म्हणजे शिळाछाप. तिथली लक्ष्मी आणि सरस्वती घराघरातल्या भिंतींवर पोचली. जे चित्र आधी राजवाड्यात एकच असायचं, ते साध्या माणसाला विकत घेता येऊ लागलं. छपाईची खरी ताकद ही. चित्र एक, प्रती हजार.

मग याच ताकदीने देवांऐवजी उपाशी माणसं छापली तर?

चित्तप्रसाद नावाच्या बंगाली चित्रकाराने ते केलं. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली. गावंच्या गावं उठून कलकत्त्याच्या फुटपाथवर आली. ही आपल्याच देशात निर्वासित झालेली माणसं. चित्तप्रसाद मिदनापूर जिल्ह्यात फिरले, समोर दिसलेल्या माणसांची शाईने चित्रं काढली आणि अनेक चित्रांवर त्या माणसाचं नाव-गाव लिहिलं. त्याचं पुस्तक झालं, ‘हंग्री बेंगॉल’. इंग्रज सरकारने त्याच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या. पण एक प्रत कुटुंबाने जपून ठेवली, आणि २०११ मध्ये तिच्यावरून पुस्तक पुन्हा छापलं गेलं. आम्ही आयटीवाले ज्याला बॅकअप म्हणतो, तो हाच!

पुढे चित्तप्रसाद मुंबईत अंधेरीला राहिले आणि लिनोकट करत राहिले. राबणाऱ्या लहान मुलांवरची त्यांची मालिका प्रसिद्ध आहे.

लिनोकट म्हणजे काय? लिनोलियम, म्हणजे फरशीवर अंथरतात तसली जाड शीट घ्यायची. त्यावर चित्र उलटं काढायचं, कारण छाप आरशासारखा येतो. धारदार हत्याराने नको तो भाग कोरून टाकायचा. उरलेल्या भागावर रोलरने शाई लावायची, वर कागद ठेवायचा आणि चमच्याच्या पाठीने घासायचं. कोरलेलं पांढरं राहतं, उरलेलं काळं उमटतं. मळवलीसारखी अवजड यंत्रं लागत नाहीत. एका खोलीत, थोड्या पैशांत शंभर प्रती निघतात. म्हणूनच चळवळीतल्या लोकांना हे माध्यम जवळचं वाटतं.

आता आजच्या काळात या. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाही नाही. त्यामुळे युद्धातून किंवा छळातून पळून आलेल्या, पण कागद नसलेल्या माणसाला ‘बेकायदा परदेशी’ ठरवलं जाऊ शकतं. अशा माणसाचा फोटो तुम्ही कळवळ्याने काढलात, तरी लोकेशन चालू असेल तर मूळ फाइलमध्ये तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश बसलेले असतात. मागची दुकानाची पाटी दिसते. चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर उरलेलं काम करतं. तुम्हाला त्याची व्यथा दाखवायची होती, तुम्ही त्याचा पत्ता दिलात.

कोरलेल्या चित्रात हे काहीच नसतं. कलाकार चेहरा बदलू शकतो, फक्त हात दाखवू शकतो, दोन माणसांची गोष्ट एका आकृतीत आणू शकतो. माणूस दिसतो, पण सापडत नाही.

मग चित्तप्रसादांनी नावं का लिहिली? कारण तिथला धोका उलटा होता. ती माणसं बिनबोभाट मरत होती, कुठे मोजलीही जात नव्हती. तिथे नाव हाच पुरावा होता. आजच्या कागद नसलेल्या निर्वासितासाठी तेच नाव सापळा ठरू शकतं. म्हणून मला वाटतं, नाव लिहायचं की झाकायचं, हे कलाकाराने किंवा आपण परस्पर ठरवू नये. ज्याचा चेहरा आहे, त्याला विचारावं. आणि तो आज हो म्हणाला, तरी उद्या नाही म्हणण्याचा हक्क त्याच्याकडे राहिला पाहिजे. छापलेली प्रत परत बोलावता येत नाही. फॉरवर्ड केलेला फोटो तर नाहीच नाही.

तेव्हा पुढच्या वेळी रस्त्यावर कुणाची अवस्था बघून मोबाइल वर केलात, तर दोन सेकंद थांबा. हा फोटो त्या माणसाला मदत पोचवेल की त्याच्यापर्यंत पोलिसांना, एवढाच प्रश्न स्वतःला विचारा.

तुमचं मत वेगळं असेल तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!