संडे, कोयता आणि आपली वाट

संडेला सकाळी सहाला कोणी उठवलं तर? मी तरी शिव्याच घालायचो. पण गेल्या हिवाळ्यात ऑफिसातल्या मित्राने मला खारघरच्या उत्सव चौकात आणून उभं केलं आणि हातात जुने हातमोजे दिले. ‘चल, डोंगरावर. फोटो नंतर!’

काम एकदम साधं. पाड्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर घुसलेली घाणेरी छाटायची, पावसाने खचलेल्या जागी दगड बसवायचे, बाटल्या गोळा करायच्या. पाऊस संपला की गवत वाळतं आणि विडीच्या एका थोटकाने डोंगर पेटतो. म्हणून जाळरेषा काढायची, म्हणजे गवताचा एक पट्टा पार साफ करायचा. वणवा तिथवर येतो आणि उपाशी मरतो. अर्थात, वन विभागाला आधी विचारूनच हं!

अमेरिकेत हेच काम चक्क घोडेस्वार करतात. मोंटानात १९७३ साली काही स्वारांनी ‘बॅक कंट्री हॉर्समेन’ सुरू केली. १९६४च्या कायद्याने राखलेल्या तिथल्या रानात मोटरच्या करवतीला बंदी आहे. मग ही मंडळी खेचरांवर हातकरवती लादून जातात, वाटेत पडलेली झाडं कापतात आणि सरकारी जमिनीवरच्या वाटा खुल्या राहाव्यात म्हणून भांडतातही. आपल्याकडे घोडा म्हटलं की माथेरान! आमची खेचरं म्हणजे आम्हीच, पाठीवर सॅक.

तिसऱ्या रविवारी एका वॉचमनने अडवलं. ‘वर जायचं नाही. ऑर्डर आहे.’ आम्ही पत्र दाखवलं, पण त्याला निरोपच नव्हता. आम्ही परत फिरणार, एवढ्यात डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन एक आजी खाली आल्या. म्हणाल्या, ‘माझ्या सासूच्या सासूपासनं हीच वाट हाय. हिच्यावरनंच पोरं शाळेत जातात. तू बंद करणार व्हय?’

वॉचमन बिचारा हसला. फोन लागला, साहेबांनी ‘सोडा’ म्हटलं.

आमच्यासाठी तो वीकएन्डचा ट्रेक, आजींसाठी तो रस्ता. चाफेवाडी, फणसवाडीसारखे पाडे आपल्या सेक्टरांच्या आधीपासून त्या डोंगरावर आहेत. वाट वापरात राहिली, तरच उद्या तिच्यावर कोणी सहज कुंपण घालू शकणार नाही.

तर मग, येत्या रविवारी येताय? हातमोजे आम्ही देतो. डबा मात्र तुमचा!