मोजणारे आणि मोजले जाणारे

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात विद्यार्थ्यांकडून गावाची पाहणी करून घेण्याचा प्रघात आमच्या महाविद्यालयांत आता चांगलाच जुना झाला आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका शिबिरात प्रस्तुत लेखकाचे विद्यार्थी घरोघर जाऊन आरोग्यविषयक प्रश्नावली भरून घेत होते. घरात माणसे किती, पाणी कोठून आणता, गेल्या पाच वर्षांत किती मुले दगावली, असे ते प्रश्न होते. एका वृद्ध बाईंनी सर्व उत्तरे शांतपणे दिली आणि शेवटी विचारले, ''बाबांनो, हे सारं तुम्ही लिहून नेता. मागंही कुणी नेलं होतं. पुढं काय झालं ते सांगायला कुणी माघारी येत नाही.'' विद्यार्थी निरुत्तर झाले आणि त्यांचा प्राध्यापकही. त्या प्रश्नावल्यांची रीतसर कोष्टके झाली, अहवाल विद्यापीठाकडे गेला. गावाकडे मात्र तो गेला नाही.

ही कबुली देण्याचे कारण असे की, त्या बाईंचा प्रश्न केवळ एका शिबिरापुरता नाही. आरोग्यातील विषमतेवर गेल्या अर्धशतकात जे संशोधन झाले, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. मोजणारे कोण, मोजले जाणारे कोण, आणि मोजणीतून निघालेले ज्ञान कोणाच्या मालकीचे? या प्रश्नाचे वेगळे उत्तर शोधण्याचे दोन मोठे प्रयोग महाराष्ट्राच्याच भूमीत झाले. त्यांची कीर्ती जगभर पसरली. त्यांच्यापासून आपण नेमके काय शिकलो, याचा हिशेब मात्र मांडावयास हवा.

सरासरीच्या आड

महाराष्ट्र हे प्रगत राज्य आहे, असे आपण अभिमानाने म्हणतो. आकडेही त्याला साक्ष देतात. नमुना नोंदणी पाहणीप्रमाणे २०२० साली देशाचा अर्भकमृत्युदर हजारी २८ होता, तर महाराष्ट्राचा १६. परंतु सरासरी ही मोठी मायावी गोष्ट आहे. पुण्यातील सुखवस्तू घरातले बाळ आणि मेळघाटातील किंवा गडचिरोलीतील बाळ यांची बेरीज करून दोनाने भागले की, दोघांपैकी कोणाचेच आयुष्य त्या भागाकारात दिसत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील अनुसूचित जमातींचा अर्भकमृत्युदर हजारी चाळिसाहून अधिक आढळला. अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्ग वगळून उरलेल्या समाजात तो तिसाच्याही खाली होता. जन्म कोठे आणि कोणाच्या पोटी झाला, यावर जगण्याची शक्यता अवलंबून असावी, याला दैव म्हणावे की व्यवस्था?

ब्रिटनमधील डॉ. ज्यूलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली याला एक नियमच लावून दिला होता. ज्या समाजाला चांगल्या वैद्यकीय सेवेची गरज अधिक, तेथे ती कमी मिळते. आणि सेवा जितकी बाजाराच्या हाती, तितका हा व्यस्त नियम अधिक कठोर होतो. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञानेही १९६३ साली दाखवून दिले होते की, आरोग्यसेवेचा बाजार इतर बाजारांसारखा नसतो. भाजी घेणाऱ्याला भाजी कळते. उपचार घेणाऱ्याला उपचार कळत नाही. ज्ञान सारे विकणाऱ्याकडे, आणि घेणाऱ्याकडे केवळ विश्वास. हा विश्वास जेथे नाही, तेथे फुकट दिलेला दवाखानाही ओस पडतो. आदिवासी पाड्यावरच्या बाईला तालुक्याच्या रुग्णालयात जावयाचे तर रोज बुडतो, घरची लेकरे कोणाच्या तरी स्वाधीन करावी लागतात आणि तेथे गेल्यावर आपली भाषा कोणी समजेल याची शाश्वती नसते. 'मोफत' या शब्दात यातले काहीच मोजलेले नसते.

जामखेडचा धडा

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली त्या वेळच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड या दुष्काळी तालुक्यात आले, तेव्हा त्यांच्या गाठी वेल्लोरचे वैद्यकीय शिक्षण आणि अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील अभ्यास होता. पण लोकांना काय हवे, असे विचारता उत्तर आले ते औषधांचे नव्हे, तर अन्नाचे आणि पाण्याचे. मग कामाची सुरुवात विंधनविहिरींपासून झाली. हातपंप दलित वस्तीत बसविले गेले. पाणी हवे तर साऱ्या गावाने तेथे यावे. रोगजंतूंशी आणि जातीशी एकाच वेळी झुंज देणारे असे पाणी कोणत्याही वैद्यकीय पाठ्यपुस्तकात आढळणार नाही.

दुसरा धडा त्याहून महत्त्वाचा आहे. शिकलेल्या परिचारिका खेड्यात पाठविण्याचा प्रयत्न आधी झाला, तो फसला. मग गावानेच निवडलेल्या बायकांना शिकविण्यास आरंभ झाला. त्यांतील अनेकजणी निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. बाळंतपण, अतिसार, कुष्ठरोग, क्षय, बालकांचे वजन यांचे ज्ञान त्यांनी आत्मसात केले आणि शेतकरी मंडळे व महिला मंडळे यांच्या आधाराने ते घरोघर पोहोचविले. प्रकल्पाच्या नोंदींनुसार तेथील गावांत १९७१ साली हजारी १७६ असलेला अर्भकमृत्युदर १९९६ पर्यंत २६ वर आला. प्रकल्पाच्या स्वतःच्या नोंदींवर कोणी शंका घेईल, म्हणून आणखी एका अभ्यासाचा उल्लेख करावयास हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१० साली प्रसिद्ध झालेल्या तौलनिक पाहणीत प्रकल्पाच्या गावांत पाच वर्षांखालील बालकांच्या मृत्यूचा धोका शेजारच्या गावांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आल्मा आटा येथे १९७८ साली जगाने प्राथमिक आरोग्याचा जाहीरनामा काढला, तेव्हा अशाच प्रयोगांकडे त्याची दृष्टी होती.

गडचिरोलीचा पुरावा

जामखेडने वाट दाखविली. गडचिरोलीने तिचे शास्त्र केले, असे म्हणावयास हरकत नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हेही जॉन्स हॉपकिन्सहून परतलेले दांपत्य. चंद्रपूरपासून १९८२ साली वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात त्यांनी 'सर्च' ही संस्था उभी केली. मोठ्या रुग्णालयाची भीती का वाटते, असे विचारले असता आदिवासींनी सांगितले की, तेथे सगळे पांढऱ्या कपड्यांत असतात, आणि पांढऱ्या कापडात आम्ही प्रेत गुंडाळतो. म्हणून शोधग्रामचे रुग्णालय झोपड्यांच्या वस्तीसारखे उभे राहिले, रुग्णाचे नातलग जवळ राहतील असे, आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले.

राणी बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. १९८९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात हे निष्कर्ष आले आणि जगाच्या आरोग्यधोरणाला खेड्यातील बाईच्या देहातील हे मूक दुखणे प्रथमच ऐकू आले. बालकांच्या न्यूमोनियावरही गावातच उपचार करून पाहण्यात आले. अडाणी म्हणून हिणविल्या गेलेल्या सुईणींना श्वास मोजता यावेत, यासाठी मण्यांचे साधे साधन तयार झाले.

यानंतरचा प्रयोग नवजात बालकांचा. ३९ गावांत उपचाराची व्यवस्था आणि ४७ गावे तुलनेसाठी, अशी त्याची मांडणी होती. पाचवी ते दहावी शिकलेली गावातलीच एक बाई बाळाचे वजन करी, तापमान पाही, श्वास मोजी, जंतुदोषाची लक्षणे ओळखी आणि गरज पडल्यास घरातच प्रतिजैविकाचे इंजेक्शन देई. नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून तीन वर्षांत २५ वर आला. तुलनेच्या गावांत तो साठीच्या आसपासच राहिला. १९९९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा एका बाळामागे खर्च होता पाच डॉलरहून थोडा अधिक.

हे सारे बंगांसारख्या असामान्य माणसांच्या बळावर झाले, इतरत्र होणार नाही, असा आक्षेप घेतला जातो. त्याला उत्तर महाराष्ट्रातील सात स्वयंसेवी संस्थांनी ग्रामीण, आदिवासी आणि झोपडपट्टीच्या भागांत हाच प्रयोग करून दिले; तेथेही नवजात मृत्यू सुमारे निम्म्यावर आले. झारखंड-ओडिशातील आदिवासी भागात तर उपचारही नव्हते. स्त्रियांनी महिन्याला एकत्र बसून स्वतःच्या अडचणींची चर्चा करावयाची आणि उपाय ठरवावयाचे, एवढेच होते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तीन वर्षांत नवजात मृत्यूंत सुमारे ३२ टक्के घट दिसली आणि पुढील विश्लेषणात असे आढळले की, सर्वाधिक वंचित कुटुंबांत ही घट अधिक होती. विषमतेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने हा निष्कर्ष मोलाचा आहे. सामान्यतः नवी सुधारणा आधी सुस्थितांच्या घरी जाते. येथे ती उलट्या वाटेने गेली.

तथापि सत्याची दुसरी बाजूही नोंदवावयास हवी. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत स्त्रियांच्या गटांचा असाच प्रयोग झाला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत बालमृत्यूंवर लक्षणीय परिणाम दिसला नाही. तेथे दवाखाने हाकेच्या अंतरावर होते, वस्ती सतत हलती होती. लोकसहभाग हा मंत्र नव्हे. परिस्थितीनुरूप त्याचे रूप बदलावे लागते.

भागीदारी की वेठ?

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला एक शंका छळते. पाच डॉलरमध्ये एका नवजात बाळाची काळजी घेता येते, हे ऐकून अर्थखाते खूष होते. परंतु ही स्वस्ताई कोठून येते? तिचा मोठा भाग गावातल्या बाईच्या श्रमाच्या अल्प किमतीतून येतो. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले, 'आशा' कार्यकर्ती आली, आणि २०११ पासून नवजात बालकाची घरपोच काळजी हे तिचे काम देशभर ठरले. गडचिरोलीचे संशोधन राष्ट्रीय धोरण झाले, ही समाधानाची गोष्ट. पण ही आशा कर्मचारी नव्हे, 'स्वयंसेविका' आहे. तिला वेतन नाही, कामागणिक मोबदला आणि मानधन आहे. महामारीत दारोदार फिरलेल्या महाराष्ट्रातील आशांना २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये संप करावा लागला. जिच्या खांद्यावर विषमता कमी करण्याचे काम टाकले, ती स्वतःच विषमतेची बळी असेल, तर याला भागीदारी म्हणावे की वेठ?

धोका दुसराही आहे. लोकांनी भाग घ्यावा, असे म्हणणे आणि शासनाने अंग काढून घ्यावे, हे सोयीने एकत्र नांदू शकते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने शासनाचा आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरविले होते. ते उद्दिष्ट गाठले गेले नाही. जामखेडच्या बाईमागे रुग्णालय उभे होते, गडचिरोलीच्या आरोग्यदूतीमागे तज्ज्ञ उभे होते. मागे कोणी नसताना तिला पुढे ढकलणे हा प्रयोगाचा विस्तार नव्हे, विटंबना आहे.

यावर उपाय अशक्य कोटीतले नाहीत. २००७ पासून महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांत सुरू झालेल्या लोकाधारित देखरेखीत गावकऱ्यांनी आरोग्य केंद्रांचे गुणपत्रक केले आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना जाब विचारला. ही प्रथा अनुदानाच्या लहरीवर न ठेवता प्रत्येक तालुक्यात कायम करावी. आशाला नियमित वेतन आणि सेवेची शाश्वती द्यावी. आरोग्यखर्चाचा खरा हिशेब तेव्हाच मांडला जाईल. पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो. त्यातून आरोग्यावर काय खर्च करावयाचा हे ग्रामसभेने ठरवावे, आणि ठरविण्यासाठी लागणारी माहिती तिच्या हाती असावी.

शेवटची सूचना आम्हा विद्यापीठवाल्यांसाठी आहे. गावात जाऊन जो कोणी मोजणी करील, त्याने निष्कर्ष त्या गावाच्या बोलीत, ग्रामसभेपुढे मांडल्याखेरीज त्याचा प्रबंध पूर्ण झाला असे समजू नये. नियतकालिकाने स्वीकारण्यापूर्वी गावाने तो ऐकावा आणि चुकले असेल तर सांगावे. यासाठी नव्या कायद्याची गरज नाही, निधीचीही फारशी नाही.

त्या शिबिराच्या गावी प्रस्तुत लेखक अद्याप माघारी गेलेला नाही. येत्या हिवाळ्यातील शिबिर तेथेच भरविण्याचे ठरले आहे. या वेळी सोबत कोऱ्या प्रश्नावल्या नसतील. जुना अहवाल असेल. तो ऐकावयास त्या बाई असोत, एवढीच इच्छा.